उजेडाची दहा मिनिटं

ही १९८७ सालची गोष्ट. त्या वर्षी जूनमध्ये, पश्चिम नॉर्वेतल्या तळ्याकाठच्या मोन्स तुवेन संग्रहालयाने असा निर्णय घेतला, की उजेडाने चित्रं विटतात. सबब चित्रांना उजेडापासून वाचवावं.

गावाने मान डोलावली. मोन्सने हयातभर हेच तळं आणि हेच डोंगर रंगवले, लाकडात कोरून छापले. तेव्हा त्याला कुणी कॉफीसुद्धा विचारली नव्हती. आता निदान चित्रं तरी जपायला हवी होती.

एकोणऐंशी वर्षांच्या गुडवेगला मात्र हे झोंबलं. दर रविवारी ती टेकडी उतरून एकच छापचित्र बघायला येई. त्यात कुंपणावर गवत वाळत घालणारी एक बाई होती. ती गुडवेगची आई. गुडवेग चार वर्षांची असताना ती क्षयाने गेली. फोटो एकही नाही. चित्रातला चेहरा नखाएवढा, पण होता तो तेवढाच. आठवडाभरात आईचं नाक आठवेनासं होई, म्हणून ही रविवारची फेरी.

आधी दिवे मंद झाले. गुडवेगने बॅटरी नेली; ती जप्त झाली. मग चित्रच खणात गेलं. वर्षाला दहा मिनिटं उजेड, असा नियम आला.

"यंदाची दहा मिनिटं कधी रे?" तिने संग्रहालयाचा प्रमुख स्वाइनुंग याला विचारलं.

"संपली, गुडवेगमावशी. मंत्री आले होते ना. नऊ मिनिटं बोलले."

"चित्राकडे पाठ करून!"

"उजेड चित्रावरच पडत होता. पाठ कुणाची कुठे होती, याची आम्ही नोंद ठेवत नाही."

"मग भिंतीवर नक्कल तरी लाव."

"लावली होती. लोक ती खरी समजून बघायला लागले. फसवणूक नको, म्हणून तीही कपाटात ठेवली."

"मेल्या, माझ्या हातची वाफल्स खाऊन वाढलास तू!"

"म्हणूनच आपुलकीने सांगतो, अर्ज कर."

संग्रहालयाच्या दुकानातल्या कार्डांवर चित्रं नव्हती, मोन्सच्या मिशा होत्या, त्याच खपत. भिंतीवर रिकामी चौकट राहिली. महिन्याभरात तिच्यासमोर रांग लागली. अभिप्रायाच्या वहीत कुणी लिहिलं, 'कलेने पहिल्यांदाच मला काही सांगितलं.'

अर्जात चित्राची लांबी, रुंदी, शाई, कागद आणि अर्जदाराचं नातं विचारलं होतं. गुडवेगने लिहिलं, 'मुलगी.' उत्तर आलं, 'पुरावा जोडावा.' तिने लिहिलं, 'चेहरा जुळतो.' उत्तर आलं, 'चेहरा जुळवण्यासाठी चित्र बाहेर काढावं लागेल. त्यासाठी नातं सिद्ध असणं आवश्यक आहे.'

ती पुढच्या जूनपर्यंत, पुढच्या दहा मिनिटांपर्यंत थांबली.

त्या दिवशी चांदीची पिन लावून, सणाचा पोशाख घालून ती आली. चाळीस पाहुणे जमले होते. स्वाइनुंगने पांढरे हातमोजे चढवले, खण ओढला, दिवा लावला आणि घड्याळाकडे डोळे लावले. खणात फिकट पांढरं काहीतरी होतं.

"काय धुकं आहे!" बर्गेनहून आलेली एक शिक्षिका कुजबुजली.

"तळ्यावरचं धुकं मोन्सनेच काढावं," तिचा नवरा म्हणाला. कुणीतरी डोळे टिपले.

"अरे, वरचा पातळ कागद काढायचा राहिलाय!" गुडवेग म्हणाली.

"श्श!" चाळीस जण एकदम म्हणाले.

"आजी, कलेला थोडा वेळ द्यावा लागतो," शिक्षिकेने समजावलं.

गुडवेगने नऊ मिनिटं दिली. मग हात घालून कागद ओढला.

सव्वीस वर्षांची आई गवताच्या कुंपणाशी उभी होती. नाक थेट गुडवेगचंच.

"अगं, किती लहान आहेस तू!" गुडवेग म्हणाली, आणि दिवा विझला.

कलाकृती हाताळल्याबद्दल गुडवेगला संग्रहालयात आजन्म बंदी झाली. ती तीन वर्षंच पाळावी लागली. स्वाइनुंगचं 'मोन्सचं धुकं' हे प्रदर्शन तीन देश फिरलं. तो आता ऑस्लोला मोठ्या खुर्चीत बसतो. शिक्षिकेने धुक्यावर ग्रंथ लिहिला. मंत्र्यांना काही आठवत नाही. चित्र खणात आहे, रंग अगदी ताजे आहेत.

अर्जात सगळं विचारलं होतं, फक्त त्या बाईचं नाव नव्हतं विचारलं. त्या चाळीस जणांना हसत तुम्ही इथवर आलात. तुम्हीही नाही विचारलंत.