साळवेकाकांचा एकच प्रश्न

रविवारी सकाळी सहाला खडकीच्या चौकात चिटपाखरू नसतं. तरी लाल दिवा असला की आमचे साळवेकाका सायकलवरून उतरून उभे राहायचे. एकदा मी स्कूटरवर मागे होतो. म्हटलं, “चला की काका, कोणी नाहीये.”

“कोणी नाही कसं?” असं म्हणून त्यांनी वर पाहिलं. मीही पाहिलं. तारेवर एक कबुतर होतं.

योहान साळवे दारूगोळा कारखान्यातून निवृत्त झालेले, आमच्या वरच्या मजल्यावर राहणारे. कोणी काही चांगलं केलं की आभार मानायची त्यांची पद्धत नव्हती. ते विचारायचे, “देव नसता तर केलं असतंत का?” हा प्रश्न त्यांनी दूधवाल्याला विचारला, पोस्टमनला विचारला. मी त्यांचा गॅस सिलिंडर तीन जिने चढवून दिला, तेव्हा मलाही विचारला. मी धापा टाकत म्हणालो, “लिफ्ट असती तर नसतं केलं.”

पण काका सोडणारे नव्हते. “अहो देशपांडे, देव काढून टाका, मग चांगलं-वाईट ही नुसती आवड उरते. कुणाला दुधी आवडतो, कुणाला नाही!”

आतून रूथकाकू म्हणाल्या, “दुधी तुम्हाला आवडत नाही. त्यात देवाला ओढू नका.”

वीस वर्षं हे ऐकून मी कंटाळलो होतो. मग काकूंना अर्धांगवायू झाला आणि प्रश्न बंद पडला. काकूंची वाचा गेली, उजवी बाजू गेली. मुलगी परदेशात. बाई ठेवा म्हटलं तर काका म्हणाले, “तिला परक्या हाताची लाज वाटते.” अंघोळ, वेणी, भरवणं, कूस बदलणं, सगळं तेच करायचे. दीड वर्षात माणूस निम्मा झाला. जिन्यात भेटले तर नुसती मान हलवायचे. खरं सांगतो, त्या प्रश्नावाचून मला चुकल्याचुकल्यासारखं वाटू लागलं.

एका दुपारी त्यांच्या चर्चचे पाळक, म्हणजे धर्मगुरू, भेटायला आले. मीही वर गेलो होतो. पाळक काकूंच्या उशाशी बसून कौतुकानं म्हणाले, “साळवे, ही तुमच्या विश्वासाचीच सेवा.” काका उठून स्वयंपाकघरात गेले. मी मागोमाग गेलो. ते काकूंची वाटी घासत होते. घासलेलीच पुन्हा घासत होते.

“अकरा महिने झाले, मी प्रार्थना केलेली नाही,” ते खालच्या आवाजात म्हणाले. “गुडघे टेकले की राग येतो. तिनं कुणाचं काय वाकडं केलं होतं? मग मी हे कुणासाठी करतोय, देशपांडे?”

“काकूंसाठी,” मी म्हणालो.

“तेवढ्यानं पुरत नाही हो. काही दिवस तिचाही राग येतो. तरी सकाळ झाली की उठून पाणी तापवतोच.” त्यांनी नळ बंद केला. “मला वाटायचं, मी देवाला धरलंय म्हणून मी बरा आहे. माझा हात तर केव्हाच सुटला. मग मी पडलो कसा नाही? त्यानंच धरलं असणार. नाहीतर माझ्यात एवढं कुठलं आलं?”

मी वाटी पुसून ठेवली.

बाहेर पाळकांनी प्रार्थना सुरू केली. काका कॉटशेजारी स्टुलावर बसले, डोळे मिटले, डोकं गादीच्या कडेला टेकवलं. प्रार्थना लांबली. मधेच बारीक घोरणं ऐकू आलं.

पाळक थबकले. काकूंनी चालता असलेला डावा हात सावकाश उचलला, ओठांवर बोट ठेवून त्यांना गप्प केलं आणि मग तोच हात काकांच्या विरळ केसांवर ठेवला.

पाळकांनी पुढचं मनातच म्हटलं. आम्ही दोघं चपला हातात घेऊन बाहेर पडलो.