मांडीवरच्या दोन थापा

मागच्या गल्लीत कुणाच्या तरी गळ्यातली साखळी हिसकावली गेली आणि सिंधूने मंगळसूत्र कपाटात ठेवून संध्याकाळचं फिरणंच बंद केलं. "मी असताना घाबरतेस?" असं विश्राम म्हणाला, तेव्हा ती हसली. नुसती हसली, पण बायकोचं ते हसणं नवऱ्याला बरोब्बर लागतं. दुसऱ्याच दिवशी ढेरी सुटलेला हा वीर हापकिडोच्या वर्गात दाखल झाला.

हापकिडो म्हणजे कोरियन युद्धकला. अंगावर येणाऱ्याचं मनगट पिरगाळून त्याला लोळवायचं. वर्गात बहुतेक वेळा विश्रामच लोळत असे. त्यामुळे त्याला एकच गोष्ट पक्की जमली: झेपेनासं झालं की स्वतःच्या मांडीवर दोन थापा मारायच्या, समोरचा लगेच सोडतो. ही शरणागती इतकी अंगवळणी पडली, की डॉक्टरांनी सुई काढली तरी याचा हात मांडीवर!

घरमालक दत्तोजीराव खालीच राहत. पिढ्यान्‌पिढ्या इथलं, म्हैसूरचंच घराणं, त्यामुळे मराठीत निम्मी कन्नड. तरुणपणी गरडीत, म्हणजे इथल्या तालमीत, घुमलेले. त्यांना एक खोड होती. हाक न मारता मागून मनगट धरायचं आणि "बन्नी, या, कॉफी घ्यायला चला" म्हणत ओढत न्यायचं.

त्या शुक्रवारी संध्याकाळी वीज गेली होती. विश्राम फाटकातून आत शिरला आणि मागून कुणीतरी त्याचं मनगट धरलं.

"चोर!" तो ओरडला आणि शिकवल्याबरहुकूम मनगट पिरगाळलं.

"अय्यो!"

आवाज ओळखीचा होता, पण उशीर झाला होता. दत्तोजीरावांच्या अंगातला जुना पैलवान जागा झाला. पुढच्या क्षणी विश्राम मोगऱ्याच्या वाफ्यात पालथा, पाठीवर म्हाताऱ्याचा गुडघा, तोंडात माती. बोलायची सोयच नव्हती. त्याने मांडीवर थाडथाड दोन थापा मारल्या.

आता कुस्तीत मांडीवर थाप म्हणजे शड्डू. ये, होऊन जाऊ दे!

"शड्डू ठोकता? सरी, ठीक आहे, मग घ्या!" दत्तोजीरावांनी हात आणखी आवळला. विश्रामने आणखी जोरात थापा मारल्या. "अजून खुमखुमी आहे होय!"

सिंधू टॉर्च घेऊन धावत आली. "काका, अहो काय करताय?"

"सिंधूताई, तुमचे यजमान हुली आहेत हो, वाघ! माती खाल्ली तरी शड्डू ठोकतायत!"

खरं सांगायला विश्रामने तोंड उघडलं, तर आधी माती बाहेर आली. तोवर सिंधूच्या डोळ्यांत चक्क कौतुक दिसलं. असं कौतुक गमावून खरं बोलायला तो काय वेडा होता?

दुसऱ्या दिवशी तिने कपाटातून मंगळसूत्र काढलं. "चला, फिरून येऊ. तुम्ही असताना भीती कसली?" लंगडत का होईना, विश्राम ऐटीत निघाला. फाटकाशी दत्तोजीराव उभे होते, शेजारी त्यांचा पुतण्या संकर्षण. छाती म्हणजे दार.

"रविवारी आमच्या गरडीत या, राव. याच्याशी तुमची जोड लावलीय."

विश्रामने त्या छातीकडे पाहिलं. हात आपोआप मांडीवर गेला. थाड, थाड.

"बघा!" सिंधू अभिमानाने म्हणाली. "यांना रविवारपर्यंतसुद्धा दम धरवत नाही!"