नव्या डांबराखालचं पाणी

"मी खुर्चीत असेपर्यंत या रस्त्याला कुणी टाचणीसुद्धा टोचणार नाही!"

हे मी, कामेन द्राझेव्ह, नगरपालिकेचा रस्ते अधिकारी, फीत कापताना गरजलो होतो. बल्गेरियातल्या आमच्या गावात, माझ्याच गल्लीला, वर्षानुवर्षं चिखल तुडवल्यावर डांबर लागलं होतं. असं गुळगुळीत, की मांजरंसुद्धा पाय पुसून चालायची! काय टाळ्या पडल्या म्हणता!

त्या कानात घुमत होत्या तोवरच पाणीपुरवठ्याच्या इंजिनियर झ्लाटकाबाई माझ्या टेबलापुढे उभ्या.

"द्राझेव्ह, तुमच्या गल्लीखालचा पाइप फुटलाय. खणायची परवानगी द्या."

"डांबर पडायच्या आधी का नाही फुटला?"

"त्यालाच विचारून सांगते!"

"मिळणार नाही परवानगी."

"अहो, पाणी वाट काढणारच. कुणाच्या तरी तळघरात शिरेल."

"शिरेल तेव्हा बघू!"

शिरलं की हो! आणि शिरलं कुणाच्या? शेजारच्या त्सोना आजींच्या. आजी एकट्याच राहतात. लहानपणी मी स्वतःच्या घरापेक्षा त्यांच्या घरी जास्त जेवलोय. बॅटरी घेऊन त्यांच्या तळघरात उतरलो, तर बरण्या बदकांसारख्या तरंगत होत्या आणि आंबवलेल्या कोबीचं पिंप आडवं! पहिल्याच पायरीवर मला सगळं कळलं. पण त्या टाळ्या आठवल्या, आणि तोंडातून भलतंच बाहेर पडलं.

"आजी, तुमचं वॉशिंग मशीन गळतंय!"

"अगं बाई! खरंच?"

"शंभर टक्के!"

साहेबच म्हणतोय म्हटल्यावर आजींनी मशीन बंद केलं. दुसऱ्या दिवसापासून अंगणात टब मांडून, सुजलेल्या बोटांनी चादरी पिळू लागल्या. ऑफिसला जाताना मी मान वळवून जायचो. एकदा इतकी वळवली की विजेच्या खांबाला "माफ करा" म्हणालो!

मग पाणी पलीकडच्या गेंचोकडे पोचलं. गेंचो ट्रक चालवतो. आवाजही ट्रकचाच.

"ए म्हातारे! तुझ्या त्या मशीनपायी माझ्या वाइनची वाट लागली!"

आजी एप्रनला हात पुसत आल्या. "चुकलं रे बाबा," म्हणाल्या, आणि वाचलेल्या दोन बरण्या, भाजलेल्या लाल मिरच्यांच्या, त्याच्या हातात ठेवल्या.

मी तिथेच होतो. कुंपणामागे, उकिडवा! तिथूनच झ्लाटकाबाईंना फोन लावला.

"खणा!"

"कुठे?"

"कुठेही! पण आत्ताच्या आत्ता या!"

जेसीबीचा पहिला घाव बसला आणि अख्खी गल्ली बाहेर आली. "टाचणी म्हणाला होतास ना रे? बरीच मोठी दिसतेय!" तेवढ्यात पाण्याचा फवारा उसळला आणि मी नखशिखांत भिजलो. लोक फवारा बघत राहिले. मी तसाच निथळत आजींच्या अंगणात गेलो.

"आजी, मशीन चांगलं आहे. पाइपच फुटला होता."

"तुला ठाऊक होतं?"

"हो."

"मी टबात हात घालून बसले होते, तेव्हाही?"

"...हो."

आजी ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त हातातली चादर खाली ठेवली.

"मग जा. घरोघर जाऊन सांग. साऱ्या गल्लीची माफी मागून झालीय माझी. पोस्टमनचीसुद्धा!"

निघालो. आता आमच्याकडे ओलाचिंब माणूस दारात आला की आधी घरच्या राकियाचा, म्हणजे फळांच्या कडक दारूचा, पेला पुढे येतो, मग "काय काम काढलंत?" पहिल्या घरी, गेंचोकडे, मी दोन वाक्यांत गुन्हा कबूल केला. त्याने मिरच्यांच्या बरण्या आजींना द्यायला माझ्या हातात दिल्या, आणि पेला. त्या बरण्या फार झोंबल्या! पुढे दर दाराला एक पेला, आणि दर पेल्याला माझे गुन्हे वाढत गेले. एका घरी मी गारपिटीचीही माफी मागितली.

शेवटच्या दारात तर चौकटीला मिठी मारून ढसाढसा रडलो. "तुमच्या तळघरातलं पाणी... माझ्यामुळे हो, माझ्यामुळे!"

बनियनवरचा एक अनोळखी गृहस्थ माझ्याकडे बघत राहिला.

"साहेब, मला तळघरच नाही. आणि तुमची गल्ली मागे राहिली." मग जरा घाबरून म्हणाला, "खणायचं असेल तर खणा बापडे इथेही! पण आता घरी जा!"