सोळा नंबरचा पाना

भानुदासनानांच्या शर्टाच्या खिशात पेन नसतं, सोळा नंबरचा पाना असतो. शिरूर कासारात माझं टायपिंगचं दुकान आहे. नाना येतात आणि त्या पान्यानं माझ्या स्क्रीनवरचे शब्द दाखवतात. काचेवरचे दोन ओरखडे त्यांचेच.

नाना सहकारी साखर कारखान्यात फिटर होते. टर्बाइन जर्मन, तिचं पुस्तकही जर्मन. एका दुष्काळात ऊसच नव्हता, कारखाना बंद. बाकीचे घरी गेले. नाना ते पुस्तक आणि एक जाडजूड डिक्शनरी घेऊन टर्बाइनशेजारी बसले ते जर्मन शिकूनच उठले. बोलायला माणूस नाही म्हणून टर्बाइनशीच बोलायचे म्हणे. मी विचारलं, तर म्हणाले, "बरं हाय की. ती चुका काढत न्हाई."

मागच्या महिन्यात नर्मदामावशी आली. तिचा दत्ता जर्मनीत दवाखान्यात नर्स होता, खोलीत झोपेतच गेला. अस्थी आल्या, सोबत मृत्यूचा जर्मन कागद. इथल्या नोंदीसाठी तो इंग्रजीत करून हवा होता. मावशीला नोंदीचं काही नव्हतं. ती एकच विचारायची, "माझ्या लेकराला शेवटी कुणी नीट बघितलं का?"

भाषांतर सांगताना नाना अडले ते सही करणाऱ्या डॉक्टरच्या हुद्द्यावर. लाइशनशाऊआर्त्स्ट, म्हणजे प्रेत बघणारा डॉक्टर, असं काहीसं. कचेरीतला बाबू म्हणाला, "कॉरोनर टाका अन् मिटवा."

"कॉरोनर काहून? त्यो चौकशीचा अधिकारी. खुर्चीत बसून बी भागतं त्याचं. सोळाच्या नटाला सतराचा पाना लावायचा न्हाई."

"मग पोस्टमॉर्टेमचा डॉक्टर?" मी म्हणालो.

"त्यो फाडतो. ह्यानं फाडलं न्हाई."

"नाना, फॉर्मवर जागा बोटभर आहे."

"मंग जागा मोठी कर बे."

तीन दिवस हेच. सात वेळा टाइप केलं, सात वेळा पुसलं. चौथ्या दिवशी माझं डोकं फिरलं. म्हणालो, "मेलेल्या माणसाला काय फरक पडतो हो?"

नानांनी पाना खिशात ठेवला. "माझी बहीण शांता ऊसतोडीला गेलती. फडातच गेली. डॉक्टर जीपमधून उतरला न्हाई, काचेतूनच कागद दिला. हार्ट लिहिलतं. आंघोळ घालताना आईला तिच्या पायावर सापाचे दात दिसले."

मला लाज वाटली, खोटं कशाला बोलू.

शेवटी लिहिलं, 'डॉक्टर हू एक्झामिन्ड द बॉडी'. ते चौकटीबाहेर गेलं. बाबूनं तोंड वाकडं करून शिक्का मारला.

कागद घेऊन आम्ही दोघं मावशीकडं गेलो. नानांनी पान्याच्या टोकानं ती ओळ दाखवली. "नर्मदा, हा लांबून बघणारा न्हाई. उजेडात, कपडे काढून, डोक्यापासून तळपायापर्यंत बघतो. पाठ बी. तिथला कायदाच हाय तसा."

मावशी बराच वेळ त्या ओळीवर बोट फिरवत राहिली. मग म्हणाली, "पाठीवर डाग हाय त्याच्या, जन्मापासून. त्यो दिसला का डॉक्टरला?"

"दिसला," नाना म्हणाले. "लिहिलंय हितं."

तो कागद मी आठ वेळा टाइप केला होता. त्यात डागाचं कुठंच काही नव्हतं.

नानांनी कागदाची घडी घातली आणि माझ्याकडं बघितलं. मी म्हणालो, "हो मावशी, लिहिलंय."