परत गेलेल्यांचा कॉलम

भोयरजींसमोर ‘नेहमी’ हा शब्द उच्चारायची सोय नाही. मी एकदा चुकून म्हणाले, की आपल्या ऑफिसची लिफ्ट नेहमीच बंद असते. झालं. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, खुर्ची माझ्याकडे फिरवली आणि म्हणाले, “तारीख सांगा ताई, मंग बोला.” आता लिफ्ट बंद पडल्याची तारीख कोण लक्षात ठेवतं? हे ठेवतात. लिफ्ट तीन महिन्यांत नऊदा बंद पडली होती, त्यातले सहा सोमवार. म्हणजे ती नेहमी बंद नसते, सोमवारी बंद असते, आणि सोमवारी मी पायऱ्या चढल्या तर माझी तब्येतही सुधारेल, असा सल्ला देऊन ते पुन्हा आपल्या कोडमध्ये शिरले. मी आठवडाभर त्यांच्याशी बोलले नाही. त्याचीही नोंद त्यांनी कुठेतरी केली असणार.

धंतोलीत एका दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर आमचं बारा माणसांचं सॉफ्टवेअरचं ऑफिस आहे. माझं आणि भोयरजींचं टेबल शेजारी शेजारी, हे माझं प्राक्तन. भोयरजी एकावन्न वर्षांचे, काटोलकडच्या एका खेड्यातले. आधी हिंगण्याला एका कारखान्यात शिफ्टची हजेरी मांडायचे. पंचेचाळिशीत आपल्या मुलीची पुस्तकं वाचून कोड लिहायला शिकले आणि आमच्याकडे आले. त्यांचं काम अंदाज काढायचं. कुठल्या दवाखान्यात उद्या किती पेशंट येतील, पुढच्या हप्त्यात किती खाटा लागतील, असले अंदाज. ते स्वतः काढत नाहीत, दूर कुठेतरी क्लाउडवर एक यंत्रणा बसलीय ती काढते. आपण तिला मागचे आकडे तारखेवार द्यायचे, ती पुढचे सांगते. ऐकायला सोपं वाटतं. पण ती यंत्रणा म्हणजे जुन्या काळचा शाळा तपासायला येणारा साहेब आहे. आधी कोड लिहून तिला सांगावं लागतं, की बाई गं, आकडे रोजचे आहेत की आठवड्याचे, पहिल्या कॉलममध्ये तारीख आहे, दुसऱ्यात वस्तू, तिसऱ्यात संख्या. मग फाइल चढवायची. एक कॉलम इकडचा तिकडे झाला, की सगळं परत.

आकड्यांचा हा साठा, म्हणजे डेटासेट, ‘तयार कर’ अशी आज्ञा देताना भोयरजी टेबलाखाली चपला काढतात. मी विचारलं, काहून? तर म्हणाले, एवढ्या लोकांचे दिवस हाय त्याच्यात, चपला घालून कसं हात लावाचं. मग ते एका बोटानं बटण दाबतात आणि डोळे मिटतात. चूक आली तर यंत्रणेला कधीच शिव्या देत नाहीत. “भैताड हाय भोयर,” असं स्वतःलाच म्हणतात आणि पहिल्या ओळीपासून वाचायला लागतात.

घरीही हाच प्रकार. ती यंत्रणा एक आकडा देत नाही, तीन देते : कमीत कमी, मधला आणि जास्तीत जास्त. रविवारी घरी पाहुणे किती येतील हे भोयरजींनी एकदा बायकोला, म्हणजे सुनंदावहिनींना, याच पद्धतीनं सांगितलं. दोन, पाच किंवा नऊ. वहिनी हातात पोह्यांची चाळणी घेऊन उभ्या. त्या म्हणाल्या, तीन गंजात तीन वेळा भिजवू का?

मुलीच्या साखरपुड्याला तर कहर केला. मुलाकडचे म्हणाले, घरचेच लोक येऊ. यांनी सोयऱ्यांच्या सोयऱ्यांना फोन करून त्या घराण्यातल्या मागच्या अकरा कार्यांत किती माणसं जेवली ते गोळा केलं आणि यंत्रणेला दिलं. अठरा, सव्वीस, एक्केचाळीस. वर्ध्याहून आख्खी बस भरून त्रेपन्न आले. माझा जीव टांगणीला लागला, पण वहिनींनी कुणाला न सांगता साठ माणसांचा स्वयंपाक सांगून ठेवला होता. आणि आमचे भोयरजी? तोंड लपवायचं सोडून पंगतीतून आनंदानं माणसं मोजत फिरत होते. व्याह्यांना म्हणाले, तुमच्यामुळे माझा डेटा सुधारला. ते बिचारे पुन्हा पुन्हा नमस्कार करत राहिले.

आता अन्नछत्राकडे येते. आमच्या ऑफिसच्या मागच्या गल्लीत एका ट्रस्टचं अन्नछत्र आहे. बत्तीस वर्षं झाली. विदर्भातून लोक इथल्या दवाखान्यांत पेशंट घेऊन येतात, त्यांच्याबरोबरच्या माणसांना संध्याकाळी तिथे फुकट जेवण मिळतं. स्वयंपाक कुसुमबाईंच्या हातात. त्या रोज एकशेवीस ताटांचा रांधतात, संपलं की शटर ओढतात. एका संध्याकाळी आम्ही घरी निघालो, तेव्हा शटर खाली येत होतं आणि एक म्हातारी रिकामा डबा घेऊन परत वळत होती. तिच्यामागं आणखी चार-पाच जण. कुसुमबाईंनाही वाईट वाटत होतं, पण करणार काय? उरलं तर वाया जातं, कमी पडलं तर हे. भोयरजी तिथेच उभे राहिले. माझी बस चुकली तरी हलेनात.

दुसऱ्या दिवशी ते ट्रस्टच्या लोकांकडे गेले आणि म्हणाले, मले तुमच्या वह्या द्या, रोज सकाळी मी सांगतो किती रांधाचं. लायनीतला एकबी मानूस उपाशी परत नाही गेला पाह्यजे. एवढीच त्यांची अट होती, आणि इनाम-बक्षीस काही नको होतं.

वह्या एका लोखंडी पेटीत होत्या. तारीख, ताटं आणि त्या दिवशीचा बेत, असं बत्तीस वर्षांचं. मी म्हटलं, भोयरजी, शेवटची तीन वर्षं पुरे, यंत्रणेला जुनं लागत नाही. पण ऐकतील तर भोयर कसले? पहिल्या वहीपासून घेऊ, म्हणाले. दोन महिने दुपारच्या सुट्टीत आणि रविवारी बसून एक एक दिवस टाइप केला. डबा एका हातात, वही दुसऱ्या. मला वाटलं, या माणसाचा एखादा स्क्रू ढिला आहे, आणि तसं मी त्यांना सांगितलंही. त्यांनी मान हलवली आणि पान उलटलं.

शेवटी एका गुरुवारी चपला निघाल्या, कोड चालला, फाइल चढली. पहिल्यांदा तारखा उलट्या लिहिल्या म्हणून परत आली, दुसऱ्यांदा एक दिवस दोनदा आला म्हणून. तिसऱ्यांदा घेतली. दोन तासांनी पुढच्या महिन्याचा अंदाज आला. सोमवार एकशेवीस. मंगळवार एकशेवीस. बुधवार एकशेवीस. तीसच्या तीस दिवस एकशेवीस. मी हसून हसून टेबलावर डोकं टेकवलं.

कुसुमबाईंना दाखवलं तर त्या कढईत उलथनं फिरवत म्हणाल्या, “मी रोज एकशेवीसच रांधतो ना बाप्पा. मंग वहीत दुसरं काय येईन?”

भोयरजींचा चेहरा पाहण्यासारखा झाला. वहीत फक्त रांधलेली ताटं होती. परत गेलेले कुठेच नव्हते. बत्तीस वर्षांत ज्यांच्या तोंडावर शटर पडलं, त्यांची एकही ओळ नाही, आणि यंत्रणा समजत होती, की धंतोलीत रोज बरोबर एकशेवीस माणसांनाच भूक लागते.

त्यांनी फाइलला नवा कॉलम जोडला, ‘परत गेले’. मागच्या सगळ्या दिवसांत तिथे काय भरायचं? मी म्हटलं, शून्य भरून टाकू, एका ओळीचं काम आहे. इतक्या वर्षांत भोयरजी माझ्यावर पहिल्यांदा चिडले.

“शून्य म्हंजे मोजलं अन् कोनी नोयतं. रिकामं म्हंजे मोजलंच नाही. कोनी मोजलं होतं का, ताई?”

मागचं सगळं रिकामं राहिलं.

आणि दुसऱ्या दिवसापासून हे गृहस्थ संध्याकाळी अन्नछत्राच्या फाटकाशी डायरी घेऊन उभे. लोकांना वाटलं महानगरपालिकेचा माणूस, काहींनी त्यांच्याकडे टोकन मागितलं, एकानं गल्लीतल्या खड्ड्याची तक्रार लिहून घ्यायला लावली. ती त्यांनी तारखेसकट घेतली. आत जाणारा आणि परत जाणारा प्रत्येक माणूस मोजायचे आणि परत जाणाऱ्याच्या हातावर दोन केळी ठेवायचे. मी म्हटलं, अहो, केळ्यांसाठी लोक वाढले तर तुमचे आकडे बिघडतील. यावर त्यांनी दिवसभर गंभीर विचार केला. मग केळी फाटकाशी न देता पुढच्या वळणावर, लायनीतल्या कुणाला दिसणार नाही अशी द्यायला लागले. आख्खी धंतोली त्यांना केळेवाला समजायला लागली, पण त्यांना त्याचं काही नाही. दोन महिने एक दिवस चुकवला नाही. घरच्या एका बारशालाही उशिरा गेले.

मग जेवलेले आणि परत गेलेले यांची बेरीज करून नवा डेटासेट केला. या वेळी यंत्रणेनं तोंड उघडलं. रविवारी एकशेचार पुरेत. सोमवारी मोठे डॉक्टर बसतात, तेव्हा कमीत कमी एकशेतीस, मधला एकशेसेहेचाळीस, जास्तीत जास्त एकशेअठ्ठावन्न. कुसुमबाई म्हणाल्या, मशीनले रांधण्यातलं काय समजते? तिनं कधी तांदूळ धुतले का? पण शेवटी तयार झाल्या. मधल्या आकड्यावर रांधायचं की वरच्या, यावर ट्रस्टच्या माणसांत वाद झाला. भोयरजी म्हणाले, वरच्या. उरलं तर मी अन् ताई जेवू. मला कुणी विचारलं नव्हतं.

त्या सोमवारी आम्ही दोघं फाटकाशी उभे. मीही बोटांवर माणसं मोजायला लागले, खोटं कशाला बोलू? एकशेवीस झाले. एकशेतीस झाले. लाइन संपेना. एकशेएक्कावन्नावा माणूस आत गेला आणि गल्ली रिकामी झाली. भांड्यात वरण शिल्लक होतं. कोणीही परत गेलं नव्हतं. कुसुमबाईंनी आम्हाला आत ओढलं, पाटावर बसवलं आणि भोयरजींच्या भातावर इतकं वरण ओतलं, की ते ताटाबाहेर गेलं. त्या लाजल्यासारख्या हसत होत्या. भोयरजी जेवत होते आणि मान वर करून बाकीच्यांना जेवताना बघत होते. मला इतका आनंद झाला होता, की मी दोनदा भात घेतला.

ट्रस्टच्या लोकांनी सांगितलं, दोन महिन्यांत किती परत जायचे आणि आता किती, याचं एक चित्र भिंतीला लावायला द्या. ते काम मी अंगावर घेतलं. दुसऱ्या दिवशी दुपारी भोयरजींची फाइल उघडली, ‘परत गेले’चा कॉलम घेतला, आलेख काढला. पडद्यावर भलतंच आलं. आमचे दोन महिने उजव्या कडेला अंग चोरून उभे, आणि बाकी सगळा पांढरा कागद. पार डाव्या टोकाला, एकतीस वर्षं मागं, एकच टिपका. परत गेले : १.

आता मला सांगा, अशी संधी मी सोडणार? मी खुर्ची फिरवली आणि म्हटलं, “भोयरजी, सापडली तुमची चूक. हा एक आकडा चुकीच्या ओळीत पडलाय. काढते.”

त्यांनी पडद्याकडे पाहिलं.

“चूक नोय थे. मोजलेला आकडा हाय.”

“एकतीस वर्षांपूर्वी? कोणी मोजला?”

“म्या.”

मग त्यांनी सांगितलं, डायरीशी चाळा करत, माझ्याकडे न बघता. तेव्हा ते वीस वर्षांचे होते. वडील याच गल्लीतल्या एका दवाखान्यात भरती. पुढं ते बरे झाले, चांगली दहा वर्षं जगले, पण त्या दिवशी काही खरं नव्हतं. गावाहून आणलेल्या फडक्यात दोन पोळ्या उरल्या होत्या. आई म्हणाली, तू बाबाजवळ बस, मी अन्नछत्रात जेवून येतो. गेली आणि अकरा मिनिटांत परत आली. भिंतीवर घड्याळ होतं, म्हणून अकरा. म्हणाली, मी जेवली, वांग्याची भाजी होती, मस्त. ह्या पोया तू खा. यांनी खाल्ल्या, दोन्ही. पुढं आयुष्यभर भोयरजी ती अकरा मिनिटं मोजत राहिले, की तेवढ्यात लाइन लागून, बसून, जेवून माणूस परत येऊ शकतो का.

“वहीत त्या तारखेले पाह्यलं,” ते म्हणाले. “एकशेवीस ताटं. अन् बेत पिठलं-भात.”

माझा हात माउसवरून आपोआप निघाला. चित्र तसंच छापायचं ठरलं, सगळ्या पांढऱ्या कागदासकट.

त्यांच्या आई आता ऐंशीच्या आहेत, यांच्याच घरी असतात. मी विचारलं, “आईंना सांगितलंत?”

“काल विचारलं. म्हटलं माय, त्या दिवशी तू खरंच जेवली होती का? तं म्हने, जेवली होती ना मी. वांग्याची भाजी होती.”

“मग तुम्ही काय म्हणालात?”

भोयरजींनी चष्मा काढून शर्टाच्या टोकानं पुसला.

“काय म्हननार, ताई? म्हटलं, हो माय. मस्तच असन.”