एकच आयुष, आठ रक्तगट

मंगळवारी सकाळी अकरा वाजता दामिनी मेश्रामने ऑफिसात जाहीर केलं, "आज डेटाबेस असा पळवते सर, की चित्त्यालेही दम लागन!"

"पळव," तिचा साहेब रविंद्र कोहळे म्हणाला. "पण पाडू नको."

विदर्भातल्या रक्तदात्यांची यादी दामिनीच्या हाती होती. ही यादी नागपूर, अमरावती आणि चंद्रपूर अशा तीन सर्व्हरांवर ठेवलेली. एक पडला तर दुसरा उभा. एखाद्या रक्तपेढीने मागणी नोंदवली, की यादीतून त्या गटाचे जवळचे दाते शोधायचे आणि त्यांना मेसेज धाडायचा. पण नुसतं शोधायलाच चौदा सेकंद लागत. गर्दी असली तर चाळीस! तेवढ्या वेळात माणूस देवाची सगळी नावं घेऊन संपवतो. दामिनीने तीन महिने खपून ते काम एका सेकंदावर आणलं होतं, निदान स्वतःच्या लॅपटॉपवर तरी. आता खऱ्या सर्व्हरांवर हजारो मागण्या एकदम ओतून वेग मोजायचा होता.

"खोट्या यादीवर मोजलं तर उत्तर पण खोटंच येते, सर."

"मेसेज बंद केले ना?"

"हे घ्या, बंद!" तिने बटण दाबलं.

चाचणीच्या मागण्यांना रुग्ण तर हवा. दामिनीने एकच घडवला: आयुष, वय सात, तातडीची गरज. पत्ता तिला तोंडपाठ असलेला, लकडगंजातल्या रक्तपेढीचा. आठही रक्तगट आलटूनपालटून लावत वीस हजार मागण्या तयार केल्या आणि सोडल्या.

काय पळाला हो तो डेटाबेस! एक सेकंद, पाऊण सेकंद, अर्धा सेकंद! राष्ट्रगीत लागल्यासारखा रविंद्र खुर्चीतून उठून ताठ उभा राहिला.

तासाभराने दामिनीचा फोन वाजला. रक्तपेढीच्या प्रमुख कुसुमताई होत्या.

"काहून वं दामिनी, हा आयुष कोण आहे?"

दामिनीने दाबलेल्या बटणाकडे पुन्हा पाहिलं. "को... कोण आयुष, ताई?"

"मले काय विचारतं? साठ माणसं दारात उभी आहेत अन् अजून येऊनच राहिली! साऱ्याइले आयुषले रक्त द्याचं आहे. पोरगं माह्याकडे लपवून ठेवलं आहे का मी?"

झालं होतं असं: 'मेसेज बंद' हा हुकूम नागपूरच्या सर्व्हरला कळला. तो अमरावती-चंद्रपूरला पोचायच्या आधीच वाटेवर वीस हजार मागण्यांची झुंबड उडाली, आणि बिचारा हुकूम वरातीत सापडलेल्या रिक्षासारखा जागच्या जागी अडकला. तिकडचे दोन सर्व्हर बेधडक मेसेज वाटत सुटले. चार हजार लोकांना!

"तू लकडगंजले जा," रविंद्र ओरडला. "मी रद्दचा मेसेज टाकतो!"

दामिनीने स्कूटी अशी हाणली, की सिग्नलवरची कबुतरंही बाजूला झाली.

रांग रक्तपेढीच्या दारातून निघून लाकडाच्या वखारीपर्यंत गेली होती. मिरचीच्या गोदामातले हमाल शिंकत उभे होते. मौद्याहून वीज केंद्रातले कामगार आले होते, डोक्यावरची हेल्मेटं तशीच. एका नव्या नवरीच्या हाताची मेंदी अजून ओली होती.

"माहा गट बी निगेटिव्ह," एकजण म्हणाला.

"मी ओ पॉझिटिव्ह. मलेही आयुषचाच मेसेज आला."

"एका पोराले आठही गट? असं कोणतं पोरगं गा हे?"

"असन काहीतरी मोठं दुखणं. आपल्याले काय, हात पुढे कराचा."

तेवढ्यात सगळ्यांचे फोन एकदम टुणटुणले. रविंद्रचा मेसेज! 'आयुषला आता रक्ताची गरज उरलेली नाही.'

हळदीचे व्यापारी गोपाळराव, साठीतले गृहस्थ, त्यांनी डोक्यावरची टोपी काढली. नवरीने मेंदीचे हात तोंडावर धरले. कोणीतरी हुंदका दिला.

"गेला नाही तो!" दामिनी स्टुलावर चढून किंचाळली. "तो नव्हताच! मी मशीनची चाचणी करून राहिली होती. चूक माही आहे. माफ करा!"

आता चपला येणार, म्हणून तिने डोळे मिटले.

"म्हणजे पोराले काही झालं नाही?" गोपाळरावांनी विचारलं.

"पोरगंच नाही, काका."

"कोणी आजारी नाही ना?"

"नाही."

"मंग बरंच झालं की!" त्यांनी टोपी परत चढवली आणि बाही वर केली. "ताई, आता आलोच आहो, तर घ्या."

"सोयाबीनची कापणी सोडून सावनेरहून आलो मी!" मागून एक शेतकरी कडाडला. दामिनी स्टुलावरच आक्रसली. "तसाच परत जाऊ काय? माही पिशवी आधी भरा!"

दामिनी खाली उतरली. तीन महिने ती या माणसांना सेकंदाच्या तुकड्यांत मोजत होती. यादीतल्या एकेका ओळीला पाय फुटून ती शेत, दुकान, मांडव सोडून इथे आली होती, आणि तेही कोणाच्या तरी पोरासाठी. तिला हात जोडावेसे वाटले. तिने जोडलेही.

"नमस्कार मंग कर," कुसुमताई म्हणाल्या. "रक्त पस्तीस दिवस टिकते. आज साठजणांचं घेते, बाकीच्याइले पुढच्या तारखा दे."

दुपारी रविंद्रचा फोन आला. 'मेसेज बंद'च्या हुकुमाला आता वेगळी वाट करून दिली होती. कितीही गर्दी असो, तो आधी पोचणार. "रिपोर्ट लिहून राहिलो," तो म्हणाला. "सगळ्यात जास्त वेळ कुठं लागला? चंद्रपूरच्या सर्व्हरवर का?"

दामिनीने फॉर्मच्या टेबलाकडे पाहिलं. तिथे रांग तुंबली होती, आणि सुतळीने बांधलेलं एक पेन हातोहात फिरत होतं.

"नाही, सर. दाता अर्ध्या सेकंदात सापडते, तासाभरात माणूस येते. पण फॉर्म भरायले पेन एकच आहे. अन् तेही झटकल्याशिवाय उमटत नाही."