राऊतभाऊंचं दुखणं

आमचे शेजारी राऊतभाऊ यांना दुसऱ्याने नवीन वस्तू घेतली की ताप येतो. थट्टा नाही, खरा ताप. आम्ही फ्रिज घेतला तेव्हा नुसती कणकण होती. वरच्या मजल्यावर गाडी आली तेव्हा मात्र डॉक्टरच बोलवावा लागला. वहिनी आता गोळी द्यायच्या आधी आमची बेल वाजवतात. "भावजी, काय घेतलंत?"

डहाणूतली आमची बिल्डिंग पगारदारांची. मी शाळामास्तर, खाली रेल्वेतले दोघं. राऊतभाऊ एकटेच वडिलांची चिकूची वाडी विकून इथे आलेले. पैशाला तोटा नाही, पण जीव सगळा दुसऱ्याच्या घरात. कुणाचं काही नवं दिसलं की त्यावरून हात फिरवत म्हणणार, "बरं आहे बाबा तुमचं!" आणि घरी जाऊन आडवे.

उतारा एकच. तीच वस्तू, पण एक नंबर मोठी. आमच्यामागोमाग त्यांनी टीव्ही आणला, तो भिंतीवर मावेना. अर्धी खिडकी झाकली गेली.

"खिडकीतून दिसतं काय, मास्तर? तुमचीच बाल्कनी!"

मी हसलो. पण खोटं कशाला सांगू, त्या रात्री आमचा टीव्ही मला डबड्यासारखा दिसायला लागला. मग त्यांनी मालिश करणारी खुर्ची आणली. भिंतीपलीकडून तिची घरघर सुरू झाली की माझी पाठ धरायची. बायको म्हणाली, "आता तुम्हीपण एक थर्मामीटर घेऊन ठेवा."

गेल्या रविवारी सकाळी वहिनी पुन्हा दारात. "भावजी, ह्यांना ताप आहे. काय घेतलंत?"

काहीच घेतलं नव्हतं. बायकोने देवाशपथ सांगितलं. मीच बघायला गेलो. राऊतभाऊ भिंतीकडे तोंड करून पडले होते.

"काल कोण आलेलं तुमच्याकडे?"

"धाकटा भाऊ. वाणगावहून भाजी घेऊन आला होता."

"फार हसत होतात दोघं."

"लहानपणीचं काहीबाही निघालं."

"बरं आहे बाबा तुमचं," ते म्हणाले, आणि त्यांनी चादर डोक्यावर घेतली.

वहिनींनी मला स्वयंपाकघरात बोलावलं. "ह्यांना पण धाकटा भाऊ आहे. वाडी विकली तेव्हा वाटणीवरून वाजलं, तेव्हापासून बोलणं बंद. चारोटीला हायवेवर हॉटेल आहे त्याचं. आम्ही तिथून गेलो की हे गाडीची काच खाली करतात. बघत राहतात. पण थांबत नाहीत."

मी परत जाऊन पलंगाच्या कडेला बसलो. "भाऊ, फोन करा त्याला."

"उचलणार नाही."

"करून तर बघा."

"आणि उचलला तर? काय बोलू, मास्तर?"

मी उशाशी पडलेला त्यांचाच मोबाईल त्यांच्या हातात दिला. नंबर त्यांना पाठ होता. रिंग वाजत राहिली. मग पलीकडून कपबश्यांचा आवाज आला, एक गिऱ्हाईक चहासाठी ओरडलं, आणि त्यातूनच कुणीतरी हळूच म्हणालं, "दादा?"

राऊतभाऊ उठून बसले. चादर बाजूला सारली. कसंबसं म्हणाले, "जेवलास का?"

सकाळचे नऊ वाजले होते.

"नाही अजून," पलीकडचा आवाज म्हणाला. "तू?"